‘सही जुळत नाही’ असं पत्र आलंय? मत अजून बाद झालेलं नाही

प्रश्न असा आहे: “आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. आई ७४ वर्षांची आहे, काही वर्षांपूर्वी तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. तिने टपालाने मत दिलं. आता काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडून, बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडून, पत्र आलंय की लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. सोबत एक फॉर्म आहे. आई घाबरली आहे, म्हणते, ‘जाऊ दे ते मत, परत काही सही-बिही नको.’ दुसरं, मी स्वतः केंद्रावर गेलो तर मला मशीनवर मत देऊ दिलं नाही, कागदी प्रोव्हिजनल (तात्पुरता) बॅलट, म्हणजे मतपत्रिका, दिला. तो खरंच मोजतात का? आणि पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या मावसभावालाही मत न मोजल्याचं कळलं, पण त्याला असं पत्रच आलं नाही. असं का?”

सगळ्यात आधी, तो फॉर्म आजच भरा. माझं बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

मी मध्य न्यू जर्सीत बरीच वर्षं मतदान केंद्रावर काम करते. निवडणूक आटोपली की पुढचे काही दिवस ओळखीतल्या ज्येष्ठांकडे बसून असेच फॉर्म भरायला मदत करण्यात जातात. त्यामुळे तुमच्या आईंचं ‘जाऊ दे ते मत’ हे वाक्य माझ्या चांगलं परिचयाचं आहे. त्यांना एवढंच सांगा की मत बाद झालेलं नाही, बाजूला ठेवलंय. लिफाफा अजून उघडलेला नाही, आतला बॅलट जसाच्या तसा आहे. कार्यालय फक्त विचारतंय, “हा लिफाफा तुम्हीच पाठवलात ना?” त्या हो म्हणाल्या आणि ओळख पटली, की लिफाफा बाकीच्या गठ्ठ्यात जातो.

न्यू जर्सीत हा हक्क २०२० च्या कायद्याने मिळाला. सही नसेल किंवा जुळत नसेल तर बोर्डाने तसं ठरवल्यापासून २४ तासांत मतदाराला टपालाने किंवा ईमेलने कळवायचं, फोन करूनही बघायचं, आणि निकालावर अंतिम शिक्कामोर्तब होण्याच्या ४८ तास आधीपर्यंत उत्तर स्वीकारायचं. तुमच्या पत्रावर शेवटची तारीख छापलेली असेल, तीच धरा. फॉर्मवर ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा स्टेट आयडीचा नंबर मागतील. तो नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे चालतात. तेही नसतील तर नाव-पत्ता असलेल्या बिलासारख्या कागदाची प्रत लागते. फॉर्म ईमेलने, फॅक्सने, टपालाने किंवा हातोहात देता येतो. मी नेहमी हातोहात द्यायला सांगते, कारण दिवस थोडे असतात आणि टपालाच्या वेगावर आपला ताबा नसतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फॉर्म तुम्ही भरून दिलात तर हरकत नाही, पण सही आईंनीच करायची. “आईचा हात थरथरतो, मीच करतो तिच्यासारखी” असं म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. प्रेमापोटीच करतात, पण ती दुसऱ्याची सही होते आणि एका साध्या चुकीचं गंभीर प्रकरण होऊन बसतं. तुमच्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी असली तरी ती मतदानाला लागू होत नाही. हात थरथरत असेल तर थरथरलेली सहीच खरी.

आता मुळात सही जुळत का नाही, ते बघू. कार्यालयातला माणूस लिफाफ्यावरची सही आणि नोंदीतली सही शेजारीशेजारी ठेवून बघतो. नोंदीतली सही बहुतेक वेळा मोटर व्हेइकल कमिशनच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या कार्यालयाच्या, काउंटरवर, काचेच्या पॅडवर प्लास्टिकच्या पेनने केलेली असते. मी मदत केलेल्या एका आजींची नोंदीतली सही म्हणजे एक वेलांटी आणि पुढे सरळ ओढलेली रेघ. लिफाफ्यावर मात्र त्यांनी शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात स्वतःचं नाव, यजमानांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही लिहिलं होतं. महत्त्वाचा कागद आहे म्हणून नीट सही केली होती, आणि नीट केली म्हणूनच ती जुळली नाही.

आपल्या लोकांत हे वारंवार होतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत, बँकेतली सही वेगळी, पासपोर्टवरची वेगळी, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर अधिकाऱ्याने “पूर्ण नाव लिहा” म्हटल्यामुळे केलेली तिसरीच. काहीजणी आयुष्यभर मराठीत सही करत आल्या, इथे आल्यावर इंग्रजीत करू लागल्या, आणि घाईत कधी ही होते, कधी ती. सही कोणत्या वळणाची आहे याच्याशी कार्यालयाला देणंघेणं नसतं, ती त्यांच्याकडच्या सहीशी जुळावी एवढंच त्यांना हवं असतं. पक्षाघात, पार्किन्सन्स, संधिवात, मोतीबिंदू यांनी सही बदलते. तरुणांचीही जुळत नाही. २०२४ मध्ये नेवाडाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका सांभाळणारे अधिकारी) सिस्को अगिलार यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की अडकलेल्या बॅलटमध्ये तरुणांचे बरेच आहेत, कारण त्यांना हाताने सही करायची वेळच फारशी येत नाही.

तुमच्या आईंच्या घाबरण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अडचण तिथेच आहे. उतारवयात नागरिक झालेल्या माणसाला सरकारी पत्र आलं की पहिला विचार येतो, “आपल्यावर काही आळ आला का? नागरिकत्वावर बेतणार नाही ना?” हे पत्र तसलं नाही. हजारो लोकांना जातं, जन्माने अमेरिकन असलेल्यांनाही जातं. इलेक्शन असिस्टन्स कमिशन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या अहवालानुसार २०२० च्या नोव्हेंबरात देशभर परत आलेल्या टपाली मतांपैकी सुमारे ०.८ टक्के, म्हणजे साडेपाच लाखांहून अधिक मतं नाकारली गेली, आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश मतांचं कारण न जुळलेली सही हे होतं. आणि समजा खरोखरच दुसऱ्या कुणी आईंच्या नावाने लिफाफा पाठवला असता, तर ते आईंना कळलं कसं असतं? याच पत्राने. म्हणून मी त्यांना हेच सांगेन की हे पत्र त्यांच्या मताची राखण करायला आलंय.

आता तुमचा प्रोव्हिजनल बॅलट. बहुधा तुमच्या नावावरही मेल-इन बॅलट निघालेला असणार. न्यू जर्सीत एकदा टपाली मतासाठी नाव घातलं की काढून टाकेपर्यंत दर निवडणुकीला बॅलट घरी येत राहतो, आणि अनेकांच्या ते लक्षातही नसतं. असा मतदार केंद्रावर आला तर त्याला मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनलच द्यावा लागतो. कारण साधं आहे. तुमचा टपाली बॅलट आधीच पोचलाय का, हे केंद्रावरच्या आम्हा लोकांना ठरवता येत नाही. तुमचा बॅलट लिफाफ्यात घालून, वरचं प्रतिज्ञापत्र भरून घेऊन काउंटीकडे जातो. तिथे तुमची नोंदणी तपासतात, तुमचं टपाली मत आलेलं नाही ना ते बघतात, आणि मग मोजतात.

मोजतात का? हो, मोजतात. २०२० मध्ये देशभरात पडलेल्या प्रोव्हिजनल मतांपैकी साधारण चारातली तीन किंवा त्याहून थोडी जास्त मतं पूर्ण किंवा अंशतः मोजली गेली. ‘अंशतः’ म्हणजे मतदार चुकीच्या प्रभागात गेला तर काही राज्यं त्याचं राष्ट्राध्यक्षपदाचं मत धरतात, स्थानिक जागेचं सोडून देतात. आपल्याकडून आलेल्या ज्येष्ठांना प्रोव्हिजनल म्हटलं की भारतातला ‘टेंडर्ड व्होट’ आठवतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं तर तिथे मिळतो तो. तो पाकिटात बंद राहतो आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय सहसा मोजला जात नाही. म्हणून इथेही लोक “समजूत घालायला कागद दिला” असं धरून निघून जातात, प्रतिज्ञापत्र अर्धवट भरतात, सही राहते. कृपा करून तसं करू नका. प्रतिज्ञापत्रावर सही नसलेला प्रोव्हिजनल बॅलट हे दुःखद प्रकरण असतं. मतदार पात्र असतो, रांगेत उभा राहिलेला असतो, आणि एका रेघेपायी मत जातं.

२००० मध्ये फ्लोरिडात राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीवरून झालेल्या गोंधळानंतर २००२ मध्ये हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट आला. प्रोव्हिजनल बॅलटचा हक्क त्याने देशभर दिला. आपलं प्रोव्हिजनल मत मोजलं का, आणि नसेल तर का नाही, हे मतदाराला फुकट कळण्याची सोय राज्यांनी करायचीच, असंही त्यात आहे. केंद्रावर तुम्हाला एक चिठ्ठी दिली असेल, त्यावर फोन नंबर किंवा संकेतस्थळ आहे. ती शोधा. ओळखपत्र दाखवायचं राहिल्यामुळे प्रोव्हिजनल मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, कारण न्यू जर्सीत त्यासाठी मतदानानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं कार्यालय बंद होईपर्यंतच मुदत असते. तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण तसं वाटत नाही, तरी चिठ्ठीवर बघून घ्या.

मावसभावाचं उत्तर जरा लांब आहे. चुका सुधारू देण्याबाबत सगळ्या देशाचा एक कायदा नाही. निम्म्याहून अधिक राज्यांनी स्वतःचे कायदे केले आहेत, बाकीच्यांत काउंटीच्या मर्जीवर किंवा कोर्टाच्या निकालांवर चालतं. पेनसिल्व्हेनियाने २०१९ च्या ॲक्ट ७७ने कुणालाही टपालाने मत द्यायची मुभा दिली, पण चूक झाली तर काय करायचं हे त्यात लिहिलंच नाही. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काउंटीने मतदाराला कळवायलाच हवं असं कायद्यात कुठे नाही. मग ६७ काउंट्यांपैकी काही कळवू लागल्या, काही नाही. नदीच्या एका बाजूला फोन यायचा, दुसऱ्या बाजूला मत गुपचूप जायचं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते मी स्पष्ट म्हणते. चूक तीच, राज्य तेच, मत मोजायचं की नाही हे घराच्या पत्त्यावर ठरायला नको.

तिथल्या चुकाही वेगळ्या. पेनसिल्व्हेनियात बॅलट आधी आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात घालायचा, मग बाहेरच्यात. आतला लिफाफा विसरला की मत बाद. एप्रिल २०२४ च्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत बटलर काउंटीतल्या दोघा मतदारांचं असंच झालं. ते केंद्रावर जाऊन प्रोव्हिजनल मत देऊन आले, काउंटीने तेही मोजलं नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ ऑक्टोबर २०२४ ला चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की टपाली मत बाद झालं असेल तर त्या मतदाराचं प्रोव्हिजनल मत मोजायलाच हवं. लिफाफ्यावर तारीख न घातल्याने किंवा चुकीची घातल्यानेही तिथे हजारो मतं गेली आहेत. बॅलट कधी पोचला ते कार्यालय स्वतःच्या शिक्क्याने टिपतं, मतदाराने लिहिलेल्या तारखेवर काहीच अवलंबून नसतं, तरीही. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने, थर्ड सर्किटने, केवळ तारखेवरून मतं नाकारणं घटनेत बसत नाही असं ठरवलं. तेव्हा मावसभावाला सांगा, पुढच्या वेळी टपाली मताच्या अर्जावर ईमेल नक्की घाला. बॅलटमध्ये गफलत दिसली तर तिथल्या राज्याच्या यंत्रणेतून ईमेल येतो, आणि तो मतदानाच्या दिवसाआधी आला तर प्रोव्हिजनलचा रस्ता मोकळा असतो.

टेक्ससमध्ये आई-वडील असणाऱ्यांनीही हे वाचावं. तिथे टपाली मत मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांना मिळतं, म्हणजे नेमकं आपल्या ज्येष्ठांना. २०२१ च्या कायद्याने लिफाफ्यावर लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहिणं सक्तीचं झालं, आणि ते रकाने लिफाफ्याच्या फ्लॅपखाली होते. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत २४ हजारांहून अधिक टपाली मतं नाकारली गेली, जवळजवळ १२ टक्के. काहींना रकाना दिसलाच नाही. काहींनी लायसन्सचा नंबर लिहिला, पण फार पूर्वी नोंदणी करताना त्यांनी फक्त सोशल सिक्युरिटीचे आकडे दिलेले होते. नोव्हेंबरपर्यंत प्रमाण पुष्कळ खाली आलं. नियम तोच होता, पण तोवर मतदारांना तो समजावून सांगितला गेला होता. तिथल्यांसाठी माझा सल्ला एकच, दोन्ही नंबर लिहा.

बाकी राज्यांचं थोडक्यात: नेवाडात मतदानानंतर सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सही पटवता येते, कोलोरॅडोत आठ दिवस मिळतात आणि ते काम फोनवरून मेसेज करूनही होतं. ॲरिझोनात सही जुळली नाही तर मतदानानंतर काही दिवस मिळतात, पण सहीच राहिली असेल तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंतच. एवढा फरक का, याचं पटणारं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही. कॅलिफोर्नियाची एक तरतूद मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिथे सही खरी आहे असं धरूनच सुरुवात करायची, आणि दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना ती वेगळी असल्याची निःसंशय खात्री पटली तरच मत अडवायचं.

काही लोक म्हणतात, मतदान संपल्यावर दुरुस्ती कसली? परीक्षेची वेळ संपली की पेपर काढून घेतात. पण इथे मताला कुणी हात लावत नाही. कुणाला मत दिलं ते बदलता येत नाही, रिकामी राहिलेली जागा भरता येत नाही. चूक लिफाफ्यावरची आहे आणि लिफाफाच दुरुस्त होतो. सही तपासूच नका, असं मी म्हणत नाही. तपासा. पण नजरेने केलेली तपासणी चुकते, आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखी चुकत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या ऑडिटरने २०२२ च्या अहवालात दाखवलं की तिथे कृष्णवर्णीय मतदारांची मतं गोऱ्या मतदारांच्या चौपट प्रमाणात नाकारली गेली होती, आणि आशियाई मतदारांचं प्रमाणही गोऱ्यांपेक्षा जास्त होतं.

एका मताने काय होतं, असं आई विचारतील. २०२४ मध्ये अमेरिकी संसदेच्या निवडणुकीत कॅलिफोर्नियाच्या १३व्या मतदारसंघात ॲडम ग्रे यांनी जॉन ड्युआर्टे यांना १८७ मतांनी हरवलं. महिनाभर चाललेल्या त्या मोजणीत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते घरोघर जाऊन ‘तुमची सही अडकली आहे, फॉर्म भरा’ असं सांगत फिरत होते.

मात्र दुरुस्तीचे नियम मतदानाआधी ठरलेले हवेत. नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदानाने निवडतात; २०२४ ची अशी एक जागा ॲलिसन रिग्ज यांनी ७३४ मतांनी जिंकली. हरलेले जेफरसन ग्रिफिन यांनी ६५ हजारांवर मतांना आव्हान दिलं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातून मत दिलेल्या काही मतदारांना सांगितलं की तुमच्या ओळखपत्राची प्रत ३० दिवसांत द्या, नाहीतर मत जाईल. मतदान करताना त्यांच्याकडे ती कुणी मागितलीच नव्हती. मे महिन्यात फेडरल न्यायाधीशांनी हे अमान्य केलं आणि ग्रिफिन यांनी हार मान्य केली. पुण्याला परत गेलेले अमेरिकन नागरिक मला अधूनमधून परदेशातून मत देण्याबद्दल विचारतात. त्यांना मी सांगते, फेडरल पोस्टकार्ड अर्ज (परदेशातून बॅलट मागायचा अर्ज) दर वर्षी नव्याने भरा, आणि निवडणुकीनंतर महिनाभर ईमेल बघत राहा.

आता सावधगिरीचं. बऱ्याच राज्यांत अडकलेल्या मतांची यादी उमेदवारांना मिळते, म्हणून दारात किंवा फोनवर अनोळखी माणूस आला तर तो खराही असू शकतो. तरी लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटीचे आकडे त्याला देऊ नका. काउंटीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून फोन करा. आणि घरात ग्रीन कार्डवर असलेले कुणी असतील तर त्यांनी प्रोव्हिजनलच्या भानगडीत अजिबात पडू नये. “नाव यादीत नाही, पण प्रोव्हिजनल देऊन बघा” हे वाक्य नागरिकांसाठी आहे. नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे, आणि त्याने पुढचं सगळं इमिग्रेशन धोक्यात येतं.

पुढच्या वेळेसाठी: आईंची नोंदणी नव्याने भरून द्या, म्हणजे आत्ताची सही नोंदीत जाईल. त्यात फोन नंबर आणि ईमेल घाला, भले तुमचाच घाला, कारण कार्यालयाकडे नंबरच नसेल तर ते फोन करणार कुठे? घरात दोन बॅलट असतील तर एका वेळी एकाचंच काम करा. जेवणाच्या टेबलावर दोघांचे कागद एकत्र पसरले की नवऱ्याच्या लिफाफ्यावर बायकोची सही आणि तिच्या लिफाफ्यावर त्याची, असं हमखास होतं आणि दोन्ही मतं अडकतात. न्यू जर्सीच्या आतल्या लिफाफ्याला प्रतिज्ञापत्राची पट्टी जोडलेली असते. ती सुटी पावती समजून फाडू नका.

आणि आजचा फॉर्म कार्यालयात देताना त्याची एक झेरॉक्स सोबत न्या, त्यावर तारखेचा शिक्का मारून मागा. दोन-तीन दिवसांनी राज्याच्या बॅलट-ट्रॅकिंगच्या संकेतस्थळावर आईंच्या मताचं काय झालं ते बघा. तिथे ‘स्वीकारलं’ असं दिसलं नाही तर शिक्क्याची ती प्रत घेऊन मुदतीच्या आत पुन्हा जा.